फ्यूज कुणाचा उडाला?

आधी एक कन्फेशन. मी इंजिनिअर आहे. कॉम्प्युटर इंजिनिअर. म्हणजे घरातले लाइट गेले की सगळ्यांत आधी वायरमनला फोन लावणारी इंजिनिअर. गाडी चालवायला मला जाम आवडते, पण बॉनेट मी फक्त काचा पुसायचं पाणी भरायला उघडते. त्यामुळे गेल्या गणपतीत कोयनानगरच्या एका टपरीसमोर, भर पावसात, डोकं अ‍ॅक्सिलरेटरपाशी आणि पाय सीटच्या पाठीवर अशा अवस्थेत मी सापडले, तेव्हा आमच्या मातोश्रींची पहिली प्रतिक्रिया होती, ‘‘अगं बाहेर ये, लोक बघतायत!’’

लोक बघतच होते. एकाने तर चहाचा ग्लास घेऊन जागा बदलली. व्ह्यू चांगला मिळावा म्हणून.

तर झालं असं...

किटली, पंप आणि वास

आमचं गावचं घर चिपळूणच्या पुढे. दरवर्षी गणपतीला पुण्याहून पहाटे पाचला निघायचं, उंब्रजला हायवे सोडायचा, पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट आणि जेवायला गावात. यंदा गाडीत मी, आई, बाबा, ताई आणि ताईचं दहा महिन्यांचं पिल्लू. गाडी आमची फॅमिली हॅचबॅक. तिला दहा वर्षं झाली, पण बाबा अजून ‘नवी गाडी’च म्हणतात. स्टिअरिंगवर मी, शेजारी बाबा. म्हणजे ब्रेक दोघांनी दाबायचा.

पाटणच्या पुढे दोन शोध लागले. एक, पिल्लाच्या दुधासाठी भरलेला गरम पाण्याचा थर्मास पुण्यात ओट्यावरच राहिलाय. दोन, मागचं डावं चाक जरा बसल्यासारखं वाटतंय. आणि आधीच्या पेट्रोल पंपावर हवेचं मशीन ‘बंद आहे’ असं कळल्यामुळे आम्ही तसेच पुढे आलो होतो.

‘‘टेन्शन घेऊ नका,’’ बाबा म्हणाले. बाबांच्या डिकीत एक पिशवी असते. त्यात जगातल्या सगळ्या प्रॉब्लेम्सची उत्तरं असतात. त्यातून निघाली गाडीत चालणारी किटली आणि हवा भरायचा छोटा इलेक्ट्रिक पंप. गाडीत सॉकेट एकच, ते आपलं जुनं सिगरेट लायटरचं. पण बाबांकडे एकाचे तीन करणारा स्प्लिटरही होता! टपरीच्या पत्र्याखाली गाडी घेतली, इंजिन चालू ठेवलं. एका भोकात किटली, दुसऱ्यात पंप, तिसऱ्यात माझा मोबाइल. एकदम कंट्रोल रूम.

पाचेक मिनिटांनी ताई म्हणाली, ‘‘कसला वास येतोय?’’

रबर जळल्याचा. मी स्प्लिटरला हात लावला आणि पटकन मागे घेतला. चटका! त्याचं प्लॅस्टिक मऊ पडलं होतं. मी रुमालाने सगळ्या पिना ओढून काढल्या, इंजिन बंद केलं आणि ओरडले, ‘‘पिल्लाला घेऊन बाहेर व्हा!’’

धूर नाही, आग नाही. दोन मिनिटांत वासही कमी झाला. आईने गणपतीचं नाव घेतलं. टपरीवाल्या काकांनी न मागता उकळलेल्या पाण्याची बाटली आणून दिली. म्हणजे किटलीची मुळात गरजच नव्हती. पण माझ्या डोक्यात एक किडा वळवळायला लागला.

फ्यूज का नाही उडाला?

वीस सेकंदांचं गणित

हे गणित तुम्हीही करू शकता. किटलीवर लिहिलंय 150 वॉट. गाडीची बॅटरी 12 व्होल्टची. 150 भागिले 12, म्हणजे साडेबारा अ‍ॅम्पिअर. पंपावर 120 वॉट, म्हणजे आणखी दहा. एकूण साडेबावीस, मोबाइल वेगळा. आणि सॉकेटच्या झाकणावर स्पष्ट लिहिलेलं, कमाल 120 वॉट! म्हणजे एकटी किटलीसुद्धा जास्तच होती. गाडीच्या मॅन्युअलमध्ये त्या सॉकेटचा फ्यूज दिलाय 15 अ‍ॅम्पिअरचा. मग दोन्ही एकदम लावल्यावर थोड्याच वेळात तो उडायला हवा होता. तेच तर त्याचं काम. वायर तापून वितळायच्या आधी आपण वितळायचं. फ्यूज किटलीला वाचवायला नसतो बरं का, तो आतल्या वायरीला वाचवायला असतो. आपल्यापैकी बऱ्याच लोकांना (मीही त्यातलीच) हे उलटं वाटतं.

बाबा म्हणाले, ‘‘जाऊ दे ना आता. गावाला पोचल्यावर बघू.’’

पण पुढे घाट होता, पाऊस होता आणि मागच्या सीटवर दहा महिन्यांचं पिल्लू होतं. मी म्हटलं, आत्ता बघायचं.

शोधा म्हणजे सापडेल!

मंडळी, गाडीत फ्यूज बॉक्स साधारण दोन असतात. एक बॉनेटखाली, बॅटरीच्या आसपास. त्याचं काळं झाकण काढलं की सगळं समोर. मोठे फ्यूज, रिले वगैरे. दुसरा केबिनमध्ये. आणि हा दुसरा ज्याने कुणी बसवला त्याला एकदा मला भेटायचंय! कुठल्या गाडीत तो ड्रायव्हरच्या उजव्या गुडघ्यासमोर असतो, कुठे ग्लव्हबॉक्सच्या मागे, कुठे डॅशबोर्डच्या कडेला, दार उघडल्याशिवाय न दिसणाऱ्या झाकणाखाली. आमच्या गाडीत तो गुडघ्यासमोर, पण बॉनेट उघडायच्या खटक्याच्याही वर, आत, अंधारात. तिथे हात जातो तर डोकं जात नाही आणि डोकं जातं तर हात जात नाही.

माझा पहिला प्रयत्न, सीटवर बसून खाली वाकणे. निकाल, कपाळ स्टिअरिंगवर आणि अख्ख्या कोयनानगरला हॉर्न. दुसरा प्रयत्न तो वर सांगितलेला, शीर्षासन. त्यात फ्यूज दिसले, पण उलटे. शिवाय रक्त सगळं डोक्यात. तिसऱ्या प्रयत्नात मात्र डोकं चाललं. जिथे मान जात नाही तिथे मोबाइल जातो! फ्लॅश चालू केला, हात आत घातला आणि अंदाजाने धडाधड सात-आठ फोटो काढले. बाहेर येऊन आरामात झूम केलं. सगळे फ्यूज रांगेत उभे, रंगीत गोळ्यांसारखे, प्रत्येकावर आकडा. मॅन्युअलमधलं चित्र शेजारी धरलं. सॉकेटचा फ्यूज वरून दुसरी रांग, डावीकडून तिसरा. तो असायला हवा होता निळा.

होता हिरवा.

आता रंगांचा फण्डा सांगते, कारण हा एकदा कळला की आयुष्यभर उपयोगी. गाडीच्या या चपट्या फ्यूजना ठरलेले रंग असतात. 5 अ‍ॅम्पिअर बदामी, साडेसात तपकिरी, 10 लाल, 15 निळा, 20 पिवळा, 25 पांढरा किंवा पारदर्शक आणि 30 हिरवा. म्हणजे आमच्या सॉकेटच्या मागे दुप्पट ताकदीचा फ्यूज बसला होता. साडेबावीस अ‍ॅम्पिअर त्याच्या खिजगणतीतही नव्हते. तो आरामात बसून होता आणि त्याच्याऐवजी तापत होतं सॉकेट, स्प्लिटर आणि डॅशबोर्डच्या आतली वायर.

‘‘कुठल्या गाढवाने टाकलाय हा?’’ मी मोठ्याने म्हटलं. ‘‘सर्व्हिसिंगवाल्यांनीच टाकला असणार. सोडणार नाही त्यांना.’’

कुणी काही बोललं नाही. बाबा चष्मा पुसत होते. बराच वेळ पुसत होते.

मग म्हणाले, ‘‘मी टाकलाय तो.’’

दुपदरी तार

माझं लहानपण ज्या घरात गेलं तिथे मीटरखाली पांढरे चिनी मातीचे किटकॅट फ्यूज होते. तुमच्यातल्या तिशी ओलांडलेल्यांना आठवत असतील. पावसाळ्यात लाइट गेले की आई मेणबत्ती धरायची, बाबा स्टुलावर चढायचे, किटकॅट ओढून काढायचे आणि त्यात नवी तार गुंडाळायचे. पुन्हा पुन्हा उडायला लागला की बाबा तार दुपदरी करायचे. ‘‘आता बघू कसा उडतो ते!’’ लाइट यायचे आणि आम्ही दोघी बहिणी टाळ्या वाजवायचो. माझ्यासाठी बाबा म्हणजे अंधारातून लाइट आणणारा माणूस.

ती दुपदरी तार किती डेंजरस होती हे कळायला मला कोयनानगर गाठावं लागलं.

‘‘दिवाळीत दोनदा उडाला,’’ बाबा सांगत होते. ‘‘किटली लावली की उडायचा. मग दुकानातून पाकीट आणलं फ्यूजचं. निळा लावला तर परत उडाला. म्हटलं हिरवा लावून बघू. नाही उडाला.’’

‘‘बाबा, पण तुम्ही तिथे हात घातलात कसा?’’

‘‘झोपलो खाली पार्किंगमध्ये. तासभर लागला.’’

बाबांचं वय 68. दिवाळीनंतर चार दिवस त्यांची कंबर धरली होती. आम्हाला सांगितलं होतं, सायकल जरा जास्त चालवली. आईने पाठीला तेल लावलं होतं आणि मी फोनवरून लेक्चर दिलं होतं की या वयात सायकलचे लाड पुरे.

माझी सटकली होती. खरंच सटकली होती. गाडीत बाळ आहे, आग लागली असती, तुम्हाला विचारायला काय झालं होतं, असं सगळं एका दमात बोलून गेले. बाबांनी ऐकून घेतलं. मग साध्या आवाजात म्हणाले, ‘‘विचारायला केला होता फोन. तीनदा. तू मीटिंगमध्ये होतीस.’’

मला ते फोन आठवले. पहिल्यांदा खरंच मीटिंग होती. दुसऱ्यांदा मी म्हटलं होतं, ‘‘बाबा, नंतर करते.’’ तिसऱ्यांदा मी कॅफेत होते आणि फोन उलटा करून ठेवला होता. नंतर मी केलाच नाही. माणूस 68 वर्षांचा असतो, त्याला एक छोटीशी गोष्ट विचारायची असते, मुलीला वेळ नसतो. मग तो आपल्याला जे येतं तेच करतो. दुपदरी तार!

आता सांगा, फ्यूज कुणाचा उडाला होता?

मिशन हिरवा

तर पुढे. फ्यूज काढायचा होता. आणि या वेळी नीट.

पहिली गोष्ट, किल्ली काढून घेतली. दुसरी, शीर्षासन कॅन्सल. ड्रायव्हरची सीट शेवटपर्यंत मागे सरकवली, दार पूर्ण उघडलं, खाली टपरीतलं पोतं टाकलं आणि बाहेर गुडघ्यावर बसून हात आत घातला. बाहेरून समोरासमोर बसलं की हात आणि डोळे एकाच दिशेला येतात. ताईने छत्री धरली, आईने टॉर्च. आणि बाबांनी बॉनेट उघडून आतल्या बॉक्सच्या झाकणाला अडकवलेला प्लॅस्टिकचा छोटासा चिमटा काढून दिला. फ्यूज ओढायचाच चिमटा! दहा वर्षं तो तिथे होता, मला पत्ता नव्हता. बाबांना होता.

‘‘वाकडा ओढू नकोस,’’ बाबा खांद्यावरून सांगत होते. ‘‘सरळ. जरासा हलवून. हां, येतोय बघ.’’

आला. हिरवा, तुकतुकीत, अजिबात न उडालेला.

मी खिशातला निळा लावणार होते. बॉक्सच्या झाकणात एक स्पेअर होता. बाबांनी अडवलं. ‘‘आता रिकामंच ठेव. आतली वायर तापलीये. ती बघितल्याशिवाय त्यात करंट नको.’’

शंभर टक्के बरोबर होतं ते. सॉकेटशिवाय गाडी चालते. मॅन्युअलमध्ये बघून घेतलं की त्या फ्यूजवर वायपर किंवा हेडलाइट नाहीत, कारण काही गाड्यांत एकाच फ्यूजवर दोन-तीन गोष्टी असतात. मग चाकात हातपंपाने हवा भरली (तोही पिशवीत होता!), पिल्लू दूध पिऊन झोपलं आणि आम्ही घाट उतरलो. मोबाइलची बॅटरी संपली. रस्ता बाबांना पाठ होता.

पुण्यात परतल्यावर ऑटो इलेक्ट्रिशियनने मधला कन्सोल उघडून दाखवला. सॉकेटच्या मागच्या वायरीचं आवरण कडक होऊन तडकलेलं. सॉकेट आणि वीतभर वायर बदलली, निळा फ्यूज लावला. तो म्हणाला, ‘‘ताई, अशा रोज येतात. फ्यूज उडतो म्हणून मोठा लावतात. कुणीकुणी तर सिगरेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून लावतात.’’ मी बाबांकडे बघितलं नाही.

तुमच्यासाठी होमवर्क

आता हे वाचून लगेच हात घालायला निघाला असाल तर थांबा. माझ्या चुकांमधून फुकटात शिका.

आधी मॅन्युअल. हो, तेच पुस्तक, जे ग्लव्हबॉक्समध्ये पीयूसीच्या खाली कुजतंय. काढायच्या आधी फोटो घ्या, म्हणजे कुठला कुठे होता यावर घरात भांडण नाही. इग्निशन बंद. हातातली अंगठी, कडं काढून ठेवा. चिमटा नसेल तर भुवयांचा प्लॅस्टिक टोकाचा चिमटा चालतो. लोखंडी पक्कड घालू नका, शेजारच्या दोघांना चिकटून ठिणगी पडायची. फ्यूज सुटून कार्पेटखाली गेला तर अर्धा तास गेलाच समजा, म्हणून खाली आधी फिकट रंगाचा टॉवेल पसरा.

ग्लव्हबॉक्सच्या मागे असेल तर घाबरू नका. बऱ्याच गाड्यांत तो रिकामा करून दोन्ही बाजूंच्या भिंती आत दाबल्या की अडसर सुटतात आणि अख्खा डबा खाली झुकतो. एका बाजूला छोटी दोरी किंवा दांडा असेल तर तो आधी सोडवा, हिसका देऊ नका.

फ्यूज गेलाय की नाही हे उजेडात धरलं की दिसतं. आत धातूची वळलेली पट्टी असते, ती तुटलेली किंवा काळवंडलेली असेल तर गेला. संशय असेल तर टेस्ट लॅम्प आणा. या फ्यूजच्या डोक्यावर धातूची दोन बारीक टोकं उघडी असतात. इग्निशन आणि ते उपकरण चालू ठेवून दोन्हींना लॅम्प लावा. दोन्हीकडे पेटला तर फ्यूज ठीक, एकीकडेच पेटला तर गेला. म्हणजे न काढताही कळतं. सॉल्लिड ना?

बदलताना अ‍ॅम्पिअर तोच आणि साइझही तोच. हे फ्यूज मोठे, मिनी, त्याहून बुटके असे बरेच प्रकारचे येतात, म्हणून जुना दुकानात घेऊन जा. नवा लावल्या लावल्या उडाला तर दुसरा लावू नका. कुठेतरी शॉर्ट आहे, ते काम इलेक्ट्रिशियनचं. पिवळ्या वायरी आणि पिवळे कनेक्टर दिसले की हात मागे, ते बहुधा एअरबॅगचे असतात. आणि तुमची गाडी इलेक्ट्रिक किंवा हायब्रिड असेल तर जाड केशरी केबल्सच्या वाटेला अजिबात जायचं नाही. तिथे 12 व्होल्ट नसतात, शेकडो असतात.

आणि शेवटचं. हे सगळं घाटात पहिल्यांदा करू नका. या रविवारी पार्किंगमध्ये करा. फ्यूज बॉक्स शोधा, चिमटा शोधा, दोन-तीन निळे-लाल स्पेअर आणून ठेवा. घरी बाबा असतील तर त्यांना खाली बोलवा. झोपायचं काम तुम्ही करा, टॉर्च त्यांच्या हातात द्या. चिमटा कुठे असतो हे त्यांना माहीत असण्याचे चान्सेस बरेच आहेत.

आमच्याकडे तो हिरवा फ्यूज आता किल्लीच्या जुडग्यात लटकतोय. बाबांची आयडिया. आणि आता फोन आला की मी मीटिंगमधून बाहेर येते. परवाच आला होता. ‘‘अगं, मिक्सरची वायर जरा गरम लागतेय. काय करू?’’

म्हटलं, ‘‘बाबा, पिन काढा. संध्याकाळी येते. दोघं मिळून बघू.’’